चिलगोजा खा, पण औषध म्हणून नको

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे एक नेहमीचे पेशंट तपासणीला आले. वय ६२, मधुमेहाला बारा वर्षं झालेली, साखर बऱ्यापैकी आटोक्यात. त्या दिवशी मात्र उपाशीपोटीची साखर २१० आली आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ९.४. सहा महिन्यांपूर्वी तेच ७.१ होतं. गोड जास्त झालं का, गोळ्या चुकल्या का, मध्ये ताप किंवा इन्फेक्शन झालं का, असे सगळे प्रश्न विचारून झाले. ते गप्प. शेवटी त्यांच्या पत्नीने पिशवीतून एक बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

बाटलीवर बर्फाच्छादित डोंगराचं चित्र, खाली ‘पाइन नट ऑइल’, आणि त्याखाली ‘नैसर्गिक जीएलपी-१ : भूक आटोक्यात, साखर आटोक्यात’. तीन महिने ते रोज दोन कॅप्सूल घेत होते. आणि ‘दोन्ही औषधं एकदम नकोत’ म्हणून मधुमेहाची एक गोळी त्यांनी स्वतःच बंद केली होती.

मला राग आला. पण मग आठवलं, याच गृहस्थांनी वर्षभरापूर्वी मला विचारलं होतं, “मॅडम, चिलगोजे चांगले असतात ना?” आणि मी प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता, मान वर न करता म्हटलं होतं, “हो हो, ड्रायफ्रूट चांगलंच.” किती खायचे, कशाच्या ऐवजी खायचे, कशाच्या ऐवजी अजिबात नाही, यातलं एक अक्षरही मी सांगितलं नव्हतं. तो अर्धवट सल्ला आज पूर्ण करते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनाही तो लागणार आहे, कारण सध्या चिलगोज्याचे दिवस आलेले आहेत. तेल, कॅप्सूल, प्रोटीन बार, ‘नट मिल्क’, स्प्रेड अशा रूपांत पाइनचं बी बाजारात येत आहे आणि येत राहणार आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. आपल्या हिमालयातल्या चिलगोज्यापासून नवे पदार्थ जरूर बनावेत. पण ते खाण्याचे पदार्थ असावेत. त्यांचं औषध करायला गेलो तर पेशंटचंही नुकसान आहे आणि त्या झाडाचंही. असं का म्हणते ते क्रमाने बघू.

चिलगोजा म्हणजे नेमकं काय?

आपण त्याला सुक्या मेव्यात बसवतो, पण हे ना फळ, ना खरं कवचफळ. चिलगोजा हे एका जातीच्या पाइन वृक्षाचं बी आहे. शास्त्रीय नाव पायनस जेरार्डियाना. पाइनच्या शंकूसारख्या फळात खवल्यांच्या आत ही बियाणं दडलेली असतात. किन्नौरमध्ये लोक त्याला ‘न्योजा’ म्हणतात.

हे झाड कुठेही वाढत नाही. पूर्व अफगाणिस्तान, पाकिस्तानचा डोंगराळ भाग आणि आपल्याकडे हिमाचल प्रदेशातलं किन्नौर, चंबा जिल्ह्यातला पांगी-भरमौरचा भाग, जम्मूतला किश्तवाडचा काही भाग, एवढंच त्याचं घर. साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवरचे कोरडे, खडकाळ उतार त्याला मानवतात. जिथे पावसाळ्याचे ढग फारसे पोचत नाहीत, जिथे दुसरं फारसं काही उगवत नाही, तिथे ते उभं राहतं आणि माती धरून ठेवतं. किन्नौर-स्पितीच्या सहलीला गेलेल्यांनी सतलजच्या खोऱ्यात ही झाडं पाहिली असतील. साल पापुद्र्यांनी सुटते आणि खाली राखाडी-हिरवट ठिपके दिसतात, त्यामुळे ती पटकन ओळखू येतात. किन्नौरमध्ये लग्नात आणि सणासुदीला पाहुण्यांच्या गळ्यात चिलगोज्यांच्या माळा घालतात. आपल्याकडे शाल-श्रीफळाला जो मान, तो तिथे या माळेला.

एक गोष्ट लक्षात घ्या. जगात पाइनच्या अनेक जातींचं बी खाल्लं जातं. इटलीत पेस्तो नावाच्या चटणीत जातं ते भूमध्य सागराकाठच्या स्टोन पाइनचं. चीन, कोरिया, रशिया इथून जास्त करून येतं ते कोरियन आणि सायबेरियन पाइनचं. दुकानात सोललेलं, पांढरट, आखूड, थेंबाच्या आकाराचं ‘पाइन नट’ मिळतं, ते बहुधा चिलगोजा नसतं. आपला चिलगोजा लांबट आणि सडपातळ असतो, दोन सेंटीमीटरच्या आसपास, आणि बहुतेक वेळा तपकिरी टरफलासकट विकला जातो. जात वेगळी की आतलं रसायनही वेगळं. पुढची सगळी गफलत इथूनच सुरू होते.

आकडे काय सांगतात?

पाइनच्या सोललेल्या बियांत जातीनुसार साधारण अर्धा ते दोन तृतीयांश भाग तेल असतं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात सुकवलेल्या पाइन नटच्या १०० ग्रॅममध्ये ६७३ कॅलरी, ६८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि जवळपास १४ ग्रॅम प्रथिनं दिली आहेत. त्याशिवाय मॅग्नेशियम २५१ मिलिग्रॅम, जस्त साडेसहा मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ९ मिलिग्रॅमच्या वर. तेल मुख्यतः असंतृप्त प्रकारचं, म्हणजे हृदयाला त्यातल्या त्यात मानवणारं. एकंदरीत चांगलं अन्न आहे, यात वाद नाही.

आता हेच आपल्या डब्यातल्या गोष्टींशी ताडून बघा.

- प्रथिनं : १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे पाइन नटच्या जवळजवळ दुप्पट.
- मॅग्नेशियम : तिळात सुमारे ३५० मिलिग्रॅम, पाइन नटपेक्षा जास्त.
- जस्त : तिळात पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास, इथेही तीळच पुढे.
- ओमेगा-३ : जाहिरातीत ‘ओमेगा-३ने भरपूर’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पाइन नटमध्ये ते १०० ग्रॅमला पाव ग्रॅमही नाही. जवसात ते सुमारे २२ ग्रॅम आहे. पाइन नटमधलं मुख्य असंतृप्त तेल ओमेगा-६ प्रकारचं.

म्हणजे जो घरात तिळाची चटणी, जवसाची चटणी आणि शेंगदाण्याचं कूट खातो, त्याला चिलगोजा मिळाला नाही म्हणून शरीरात काही कमी पडणार नाही. किलोमागे काही हजार रुपये मोजून जे मिळतं, त्यातलं बरंचसं पोषण तीळ-जवस-शेंगदाण्यात आहे. मग चिलगोजा का खायचा? चवीसाठी. त्याची मऊ, लोण्यासारखी, किंचित राळेचा वास असलेली चव दुसऱ्या कशाला नाही. आणि चव हे काही कमी कारण नाही. आपण चारोळी बासुंदीत घालतो ती काय प्रथिनांसाठी?

कॅलरींचाही हिशेब करा. सोललेले ३० ग्रॅम, म्हणजे एक लहानशी मूठ, साधारण २०० कॅलरी होतात. दोन पोळ्यांएवढ्या. जेवण तेवढंच ठेवून वर ही मूठ रोज खाल्ली तर वजन वाढणारच. ‘चांगलं तेल’ असलं तरी ते तेलच आहे. टरफलासकट चिलगोजे खाताना एक नैसर्गिक लगाम असतो. एकेक सोलावा लागतो, बोटं दुखतात, दहा-पंधरा झाले की आपण थांबतो. सोललेलं पाकीट किंवा तेलाची बाटली आली की हा लगाम जातो.

‘नैसर्गिक जीएलपी-१’ आलं कुठून?

या बाटलीवरच्या शब्दाला थोडा आधार आहे आणि म्हणूनच तो जास्त फसवा आहे. जीएलपी-१ हे आपल्या आतड्यात जेवणानंतर तयार होणारं संप्रेरक. ते पोट भरल्याची जाणीव देतं आणि इन्शुलिन स्रवायला मदत करतं. सेमाग्लुटाइडसारखी नवी इंजेक्शनं त्याचीच नक्कल करतात, आणि त्यांची किंमत व प्रसिद्धी पाहून ‘हेच आमच्या तेलात आहे’ म्हणणारे पुढे आलेत.

कोरियन पाइनच्या तेलात पिनोलेनिक आम्ल नावाचा एक घटक असतो, त्या तेलाच्या साधारण १४ ते १८ टक्के. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या, पाळी गेलेल्या १८ स्त्रियांना हे तेल ३ ग्रॅम दिलं. पुढचे चार तास त्यांच्या रक्तातली सीसीके आणि जीएलपी-१ ही भुकेशी संबंधित संप्रेरकं वाढलेली दिसली. अभ्यास नीट केलेला होता. पण त्यातून सिद्ध काय झालं? चार तासांत संप्रेरकं वाढली, एवढंच. वजन कमी झालं, साखर उतरली, औषध बंद करता आलं, यातलं काहीही त्या अभ्यासाने दाखवलं नाही. तो त्याचा उद्देशही नव्हता. आतड्यातलं हे संप्रेरक काही मिनिटांत मोडून जातं. आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन ज्या ताकदीने काम करतं, त्याच्याशी याची तुलना म्हणजे पंख्याच्या वाऱ्याची वादळाशी.

शिवाय तो घटक आहे कोरियन पाइनमध्ये. युरोपातल्या स्टोन पाइनमध्ये तो अगदी नगण्य असतो आणि चिलगोज्यातही कोरियन पाइनपेक्षा बराच कमी. बाटलीवर चित्र हिमालयाचं, अभ्यास कोरियन तेलाचा आणि दावा मधुमेहाचा. तीन ठिकाणचे तुकडे शिवून केलेली ही गोधडी आहे.

दुसरा आधार दिला जातो तो ‘सुका मेवा हृदयाला चांगला’ या संशोधनाचा. ते संशोधन भक्कम आहे. स्पेनमधल्या प्रेडिमेड नावाच्या मोठ्या अभ्यासात एका गटाला रोज ३० ग्रॅम सुका मेवा दिला होता, आणि त्या गटात हृदयविकार व पक्षाघाताचं प्रमाण कमी राहिलं. पण ते ३० ग्रॅम म्हणजे १५ ग्रॅम अक्रोड आणि बाकी बदाम व हेझलनट. पाइन नट त्यात नव्हते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली सुक्या मेव्याबद्दल हृदयरोगाचा एक मर्यादित दावा लेबलवर लिहायला परवानगी दिली. त्या यादीत शब्द आहेत ‘काही पाइन नट’. सगळे नाहीत. जातीजातीत फरक आहे हे तिथेही मान्य केलेलं आहे.

आपल्या कायद्यातही हे स्पष्ट आहे. एखादा अन्नपदार्थ रोग बरा करतो, टाळतो किंवा त्यावर उपचार आहे, असं लिहून तो विकता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांविषयीचे २०१८चे नियम त्यासाठीच आहेत. ‘साखर आटोक्यात’ हे शब्द त्या नियमांच्या कुंपणावर चढून बसलेले असतात.

झाडाची बाजू

तुम्ही म्हणाल, डॉक्टरचा झाडाशी काय संबंध? मला तो असा दिसतो.

चिलगोज्याचा शंकू पिकायला दुसरं वर्ष उजाडतं. एकाच फांदीवर या वर्षी काढायचे पिकलेले शंकू आणि पुढच्या वर्षीचे लहान, हिरवे शंकू एकत्र असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शंकू काढतात. ते उघडण्याआधीच काढावे लागतात, नाहीतर बी खाली सांडतं आणि पक्षी, उंदीर, खारी ते नेतात. घाईत, उंच कड्यावर जीव धोक्यात घालून काढताना फांदीच तोडली जाते. फांदी गेली की पुढच्या वर्षीचं पीकही गेलं. आणि झाडावरचा एकूण एक शंकू काढला तर जमिनीत पडायला बी उरत नाही. जे थोडं उगवतं ते चरणारी गुरं-शेळ्या खातात. जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांच्या पायाशी पोरं नाहीत, अशी आज बऱ्याच जंगलांची स्थिती आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने ही जात ‘धोक्याच्या जवळ’ या वर्गात ठेवली आहे. मे २०२२ मध्ये बलुचिस्तानातल्या शेरानी भागात वणवा लागून चिलगोज्याचं मोठं जंगल जळालं. असं जंगल पुन्हा उभं राहायला एक माणूस-पिढी पुरत नाही.

या झाडावर बाजाराचा दाब आधीच आहे. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये अफगाणिस्तानातून चीनला थेट विमानाने चिलगोजे पाठवणं सुरू झालं. आपल्या बाजारातही अफगाणी माल मोठ्या प्रमाणावर येतो, त्यामुळे तिकडची मागणी वाढली की इकडचा भाव हलतो.

आता एक साधं गणित करा. आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यातल्या शंभरातल्या एकानेच, म्हणजे १० लाख लोकांनी, ‘साखरेसाठी’ रोज १० ग्रॅम सोललेले चिलगोजे खायचे ठरवले तर दिवसाला १० टन लागतील. वर्षाला ३,६५० टन. टरफलासकट वजन धरलं तर आणखी जास्त. किन्नौर-चंब्याच्या त्या अरुंद पट्ट्याने हे कुठून आणायचं?

सणाला माळ घालणं, पाहुण्याला मूठभर देणं, पुलावावर चिमूटभर पेरणं, याची मागणी ठरावीक असते. औषधाच्या मागणीला अंत नसतो, कारण औषध रोज लागतं आणि भीतीपोटी घेतलं जातं. खोटा दावा म्हणूनच दोन ठिकाणी घाव घालतो. इथे माझ्या पेशंटचं एचबीए१सी वाढतं आणि तिथे फांदी तुटते.

हे आपल्याला अगदी परकं नाही. गडचिरोली-मेळघाटच्या जंगलातल्या चारोळीची कहाणी अशीच आहे. भाव आला, की फळ पिकण्याआधी तोडायची चढाओढ लागते आणि फांद्या छाटल्या जातात.

मग नवे पदार्थ बनवायचेच नाहीत का?

बनवायचे. न बनवून जंगल वाचत नाही. किन्नौरच्या गावांचा या झाडांवर परंपरेने हक्क आहे, आणि अनेक ठिकाणी काढणीचं काम ठेकेदाराकडे जातं. गावाला कच्च्या मालाचे पैसे मिळतात, मोठा नफा पुढे दिल्ली-मुंबईत होतो. ज्याला झाडापासून पुढच्या वीस वर्षांचं उत्पन्न दिसतं तो फांदी जपतो. ज्याला फक्त यंदाचा ठेका दिसतो तो जपत नाही. भाजणं, सोलणं, पाकिटं भरणं, पदार्थ करणं हे काम गावातच झालं तर कमी शंकूंतून जास्त पैसा मिळेल आणि काही शंकू झाडावर सोडणं परवडेल. जर्दाळूच्या बियांचं ‘चुल्ली’ तेल हिमाचलात पूर्वापार काढलं जातं आणि त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. आदिवासी भागात वनोपजावर प्रक्रिया करण्यासाठी वनधन केंद्रांची सरकारी योजनाही २०१८पासून आहे. रस्ता नवा खणायचा नाही, त्यावरून नीट चालायचं आहे.

पदार्थ कोणते चांगले, कोणते नकोत, याबद्दल एक डॉक्टर म्हणून माझं मत असं :

छोटी पाकिटं. भाजलेले, टरफलासकट किंवा सोललेले, १० ते १५ ग्रॅमची हवाबंद पाकिटं. एका वेळी खायचं प्रमाण पाकिटानेच ठरवून द्यावं. त्यावर झाडाची जात, गाव किंवा जिल्हा आणि काढणीचं वर्ष छापावं. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात प्रामाणिक पदार्थ.

चटणी, चिक्की, बार. उत्तम कल्पना, पण चिलगोजा किती टक्के ते लिहिलेलं हवं. लेबलवर एखाद्या घटकाचं चित्र किंवा नाव ठळक दाखवलं तर त्याचं प्रमाण लिहावं लागतं, तसा नियम आहे. समोर चिलगोज्याचं चित्र आणि मागे साखर, ग्लुकोज सिरप, शेंगदाणे आणि शेवटी ‘पाइन नट २ टक्के’, असा बार म्हणजे महागडी चिक्की. त्यापेक्षा आपली तिळगुळाची वडी बरी.

तेल. घाण्याचं, गाळलेलं, गडद रंगाच्या छोट्या बाटलीत, वरून चमचाभर घ्यायला ठीक. तळायला नाही. एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी, हे त्यावर लिहा. पण तेल काढण्यात बरंच बी खर्ची पडतं, त्यामुळे झाडाच्या दृष्टीने मला हा पदार्थ मर्यादितच असावा असं वाटतं.

पेंडीचं पीठ. तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत प्रथिनं आणि खनिजं राहतात. ती टाकून न देता पिठात, बिस्किटात, सूपमध्ये वापरणं ही खरी नवी कल्पना. नवं संशोधन करायचं तर इथे करा. यात एकही जादा शंकू तोडावा लागत नाही.

कॅप्सूल. नको. तेवढं तेल आहारात कुठूनही मिळतं, आणि कॅप्सूलमध्ये घातलं की माणसाला ते औषध वाटतं. माझ्या पेशंटची गोळी त्यानेच सुटली.

खाताना कोणी काय जपायचं?

१. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा चिलगोजा, शेंगदाणा, चारोळी काहीही तसंच देऊ नका. श्वासनलिकेत अडकलेला दाणा काढायला मूल ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. द्यायचं तर पूड करून. आणि ‘नट मिल्क’ हे आईच्या दुधाला किंवा बाळाच्या दुधाला पर्याय नाही.

२. ॲलर्जी. पाइन नटची ॲलर्जी कमी लोकांना असते, पण असते तेव्हा तीव्र असू शकते. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांध्या, श्वासाला त्रास असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. दुसऱ्या सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

३. तोंड कडू होणं. काही पाइन नट खाल्ल्यावर एक-दोन दिवसांनी तोंडात कडवट, धातूसारखी चव येते आणि जे खावं ते कडू लागतं. हे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही टिकतं. मुख्यतः चीनमधल्या पायनस आर्मंडी या जातीच्या बियांशी याचा संबंध दिसला आहे. आपोआप बरं होतं, घाबरू नका. पण असं झालं तर ते पाकीट बाजूला ठेवा. जात छापा असा आग्रह मी का धरते, त्याचं हे आणखी एक कारण.

४. मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम हिशेबात धरावं लागतं. आहारतज्ज्ञांना विचारूनच खा.

५. खवटपणा. असंतृप्त तेल लवकर खराब होतं. सोललेले चिलगोजे हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. खवट वास आला किंवा बुरशी दिसली तर महाग म्हणून खाऊ नका, टाकून द्या. बुरशीतली विषं भाजून जात नाहीत.

६. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनी चिलगोजे खायला काहीच हरकत नाही. फरसाण, वेफर्स, बिस्किटं यांच्या ऐवजी खा. जेवणावर शिवाय नको. आणि गोळीच्या ऐवजी तर कधीच नको.

किती खायचे? चारोळीसारखे वापरा, असं मी सांगेन. चिमूटभर, चवीपुरते, सणावारी. रोजच्या पोषणासाठी तीळ, जवस, कारळं, शेंगदाणे आहेतच. किन्नौरला गेलात तर रेकाँग पिओच्या बाजारात किंवा वाटेवरच्या गावात स्थानिक बाईकडून पाव किलो घ्या, घासाघीस कमी करा. आणि दुकानात घेताना ‘हे कुठलं आहे, कोणत्या वर्षीचं आहे?’ एवढं विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानदार लिहून ठेवायला लागतो.

माझ्या त्या पेशंटची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. कॅप्सूल बंद. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.६ वर आलं. अजून पूर्वीच्या ठिकाणी यायचं आहे, पण दिशा बरोबर आहे. परवा आले तेव्हा जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “मॅडम, मग नुसते चिलगोजे खाऊ की नको? नातीच्या वाढदिवसाला आणलेत थोडे.”

या वेळी मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “खा की. नातीबरोबर बसून एकेक सोलून खा. तिला मात्र कुटून द्या, ती लहान आहे. आणि संध्याकाळची गोळी विसरू नका.”